फिफा २३: सत्तराव्या मिनिटाला संघ का ढेपाळतो?

फिफा २३ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सारखं स्प्रिंटचं (वेगाने पळण्याचं) बटण दाबून ठेवलं की खेळाडू दमतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गळती मात्र टॅक्टिक्समध्ये, म्हणजे संघाच्या डावपेचांच्या सेटिंगमध्ये असते. बचावासाठी 'कॉन्स्टंट प्रेशर' निवडलं की अख्खा संघ सतत पळत राहतो आणि उत्तरार्धात विंगर (कडेने हल्ला करणारे), फुलबॅक (कडेचे बचावपटू) अक्षरशः रांगतात. त्याऐवजी 'बॅलन्स्ड' ठेवा. चेंडू गमावल्यावर लगेच दाब हवा असेल तर 'प्रेस आफ्टर पझेशन लॉस' निवडा, पण तेही गोल हवा असतानाच. फुलबॅकना 'स्टे बॅक व्हाइल अटॅकिंग' (हल्ल्याच्या वेळी मागेच थांबा) ही सूचना द्या. वर्क रेट (हल्ला आणि बचावात किती धावतो) हाय/हाय असलेला, पण स्टॅमिना (दम) सत्तरच्या आत असलेला मिडफिल्डर पूर्ण सामना टिकेल, ही अपेक्षाच ठेवू नका.

बदलीसाठी सामन्याआधी टीम मॅनेजमेंटमध्ये क्विक सबच्या (झटपट बदलीच्या) जोड्या, म्हणजे कोणाच्या जागी कोण, लावून ठेवा. चेंडू बाहेर गेला की प्लेस्टेशनवर आर-टू (एक्सबॉक्सवर आरटी) दाबायचं आणि सुचवलेली बदली पक्की करायची. खेळाडूच्या नावाखालची दमाची पट्टी अर्ध्यावर आली की थांबू नका. रिकामी होईपर्यंत वाट पाहिली तर तोवर बचावात भगदाड पडलेलं असतं.

करिअर मोडमध्ये (एक संघ किंवा खेळाडू घेऊन हंगामामागून हंगाम खेळण्याच्या प्रकारात) दुखापती फार होत असतील तर गेमप्ले कस्टमायझेशनमध्ये इंजरी फ्रिक्वेन्सी (दुखापतींचं प्रमाण) ५० वरून थोडी खाली आणा. यूझर (तुम्ही) आणि सीपीयू (संगणकाचा संघ), दोन्हीकडे आकडा सारखाच हवा, नाहीतर सामना एकतर्फी होतो.