पाव मात्रा मागं

कळंब्याकडच्या एका कार्यालयात रिसेप्शन होतं. मी गिटार एकटाच वाजवतो, पण पायाखाली लूपर असतो, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा वाजवणारं, थरावर थर चढवू देणारं पेडल, त्यामुळं ऐकणाऱ्याला तिघं-चौघं वाजवताहेत असं वाटतं. त्या दिवशी मुलाकडच्यांनी आयत्या वेळी एक ढोलकीवाले मामाही आणले. कागलकडचे, साठी ओलांडलेले. "दोघं मिळून वाजवा की," एवढीच सूचना. तालीम नाहीच.

लूपरवर गाणं कसं उभं राहतं ते सांगायलाच हवं. सगळा भार पहिल्या थरावर. डावा हात तारांवर नुसता टेकवायचा आणि उजव्यानं 'चक चक' असा ठेका धरायचा. सोळा मात्रा झाल्या की पुढच्या समेवर पेडल दाबायचं. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत हे आवर्तन बरोबर १० सेकंदांचं होतं. पाय केसभर उशिरा पडला तर ते लंगडणं प्रत्येक फेरीत परत येतं. मग सूर सप्तकभर खाली नेणारं ऑक्टेव्ह पेडल लावून खर्जातला बेस, त्यावर कॉर्ड, मग गिटारच्या पोटावर तळव्याचे ठोके. माझ्या लूपरवर शेवटचा थर काढता येतो, पण पहिला बिघडला की सगळं पुसायचं आणि नव्यानं सुरू करायचं. पायाला ही समज यायला मला तीन वर्षं लागली, आणि मला तिचा अभिमान आहे.

त्या संध्याकाळी लूप अगदी चोख बसला होता. ढोलकी मात्र मागं पडत होती. प्रत्येक समेवर माझा ठोका आधी, मामांची थाप नंतर. लूपच्या जागी माणूस वाजवत असता तर त्यानं जरा थांबून मामांना धरलं असतं. लूप थांबत नाही, तो वाजवतो तेवढाच वाजवतो. मी दोनदा मामांकडं रोखून बघितलं. त्यांनी मान हलवली आणि वाजवत राहिले. शेवटी मी साउंडवाल्याला हातानं खूण केली, ढोलकी कमी कर. त्यानं लगेच केली.

सामान आवरताना मामा म्हणाले, "आज जमलं न्हाई न्हवं, सर?" मी म्हणालो, "जरा मागं पडत होता तुम्ही." ते काही बोलले नाहीत. ढोलकी खोळीत घातली आणि गेले.

मिक्सरवरनं पेनड्राइव्हवर घेतलेलं रेकॉर्डिंग तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवर उघडलं. काय काय चुकलं ते मोजायचं म्हणून. ढोलकीची थाप मागं होतीच, साधारण ०.१५ सेकंदानं. पण पहिल्या गाण्यात तेवढीच, तिसऱ्यात तेवढीच, चाळीस मिनिटांनंतरही तेवढीच. लय सुटलेल्या माणसाचं अंतर असं राहत नाही, ते कमीजास्त होतं.

मग स्टेज डोळ्यांपुढं आणलं. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, एकच, माझ्या पायाशी, माझ्याकडं तोंड केलेला. मोठे स्पीकर पाहुण्यांकडं. मामा माझ्या डावीकडं, सहा फुटांवर, स्पीकरच्या मागं. तिथं नुसती खर्जाची धबधब पोचते. समोरची भिंत पंचवीसेक मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन पन्नास मीटर म्हणजे ०.१५ सेकंद. ९६ च्या लयीत ती जवळपास पाव मात्रा.

गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो १९७२ साली दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून लूप करायचे. एका मशीनवरनं दुसऱ्यावर पोचायला टेपला जेवढा वेळ, तेवढा लूप. अंतर म्हणजेच उशीर, हे मी शिकवणीच्या मुलांना हौसेनं सांगतो. आणि स्टेजवर मला ते दिसलं नाही.

कार्यालयातल्या साउंडवाल्यांना दुसरा मॉनिटर ही चैन वाटते, हे खरंच आहे. पण त्या रात्री त्याच्याकडं मागायचं मला सुचलं नाही, आणि खूण केली ती ढोलकी कमी करायची.

मामांना फोन केला. म्हणाले, "तुमचं काय बी ऐकू येत न्हवतं, सर. भितीवरनं परत येतंय तेवढं धरलं."

"मग सांगायचं की, मामा."

"तुम्ही डोळं वटारून बघत हुता."

मी माफी मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढच्या येळंला एक स्पीकरची पेटी माझ्याकडं वळवा."