पहिले तीन तास आईचे

आज झेब्राफिश या छोट्या पट्टेदार माशाची अंडी अगदी पहिल्या पेशीपासून बघायला मिळाली. जेमतेम ०.७ मिलिमीटरचं अंडं, पण आरपार दिसणारं, त्यामुळे काहीच लपत नाही. फलनानंतर पाऊण तासात बलकाच्या माथ्यावरची एकुलती पेशी मधोमध चिरत जाते आणि मग साधारण दर पंधरा मिनिटांनी पेशी दुप्पट होतात. बलक मात्र अखंडच. सोळा पेशी झाल्या की चार-चारच्या चार रांगा लागतात. केवढी शिस्त! आणि हे चालू असताना भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ मुकी असतात. वाचून माहीत होतं, पण डोळ्यांसमोर घडताना अंगावर काटा आला.

मग कारभार कोणाच्या हुकमावर चालतो? आईच्या. अंडं घडतानाच तिच्या जनुकांवरून उतरवलेले आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायच्या सूचना, आणि काही तयार प्रथिनं आत साठवलेली असतात. नवे आरएनए बनणं औषधाने बंद पाडलं तरी भ्रूण हजारभर पेशींपर्यंत विभागत राहतो. पेशींचा थर बलकावरून खाली पसरायची वेळ आली की मात्र अडतो.

हुलुवा हे जनुक तर डोक्यातून जात नाहीये. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी त्याचं काम उलगडलं. मादीत त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरी ती स्वतः वाढते, अंडी घालते. तिच्या भ्रूणांना मात्र पाठीकडची बाजू आणि डोकं घडवता येत नाही, बापाकडून चांगली प्रत मिळूनसुद्धा! कारण या जनुकाच्या प्रथिनाला भ्रूणाच्या एका बाजूला बीटा-कॅटेनिन, म्हणजे पाठीची बाजू ठरवणारं दुसरं प्रथिन, टिकवून धरायचं असतं, आणि ती वेळ येते तेव्हा बापाची प्रत गप्पच असते.

म्हणूनच आईचा वाटा शोधणं किचकट. डिसेंबर १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ नियतकालिकाचा अख्खा अंक झेब्राफिशच्या उत्परिवर्तनांवर, म्हणजे जनुकांतल्या बदलांवर, निघाला, ३७ शोधनिबंधांचा. ट्यूबिंगनमध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि बॉस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटांचं ते अफाट काम. पण त्यात मुख्यतः भ्रूणाची स्वतःची जनुकं हाती लागली. आईची शोधायची तर आणखी एक पिढी थांबावं लागतं. बिघाड असलेली मादी मोठी होऊन तिने अंडी घातल्याशिवाय काही कळत नाही.

तिसऱ्या तासाच्या सुमारास, दहाव्या विभाजनाच्या आसपास, पेशींची एकसाथ चाल मोडते, विभाजनं लांबतात आणि भ्रूणाची जनुकं मोठ्या संख्येने बोलू लागतात. त्यांना जागं करणारी नॅनॉग, पीओयू५एफ३ आणि सॉक्स१९बी ही प्रथिनं आईच्याच साठ्यातून आलेली. आणि अगदी आधी जागं होणाऱ्यांत असतो मिर-४३०, एक चिमुकला आरएनए. त्याचं काम काय, तर आईचे शेकडो आरएनए निकालात काढणं! म्हणजे आईची प्रथिनं जे दार उघडतात, त्यातूनच तिचा साठा संपवणारा बाहेर येतो.

सहाव्या तासाला पाठीची बाजू स्पष्ट होते, दहाव्याला शेपटीचा अंकुर, मग अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक कायखंड, म्हणजे पुढे मणके आणि स्नायू ज्यातून घडतात तो तुकडा. पुस्तकांत जास्त पानं याच टप्प्यांना मिळतात. मला मात्र सध्या तिसऱ्या तासाच्या पुढे जावंसंच वाटत नाही.