मडगार्डखाली किती इंच?

ऑगस्टात, डेट्रॉइटच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर गाडी लावून खुर्ची टाकली की पहिली हाक ठरलेली: "पुढे किती इंच ठेवलीत? मडगार्डपासून जमिनीपर्यंत?" आपली मराठी मंडळीही आता हेच विचारतात. गाडी १९६८ ची प्लिमथ रोडरनर, ३८३ घनइंची इंजिनाची. मी आकडा सांगत नाही, म्हणून भाव खातो असा बोभाटा झालाय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. माझं डावं मडगार्ड कधीतरी ठोकून सरळ केलेलं, उजवं बदललेलं. दोन्हींच्या कडाच जुळत नाहीत. शिवाय टायर. व्यास इंचभर कमी झाला की बाकी कशालाही हात न लावता गाडी अर्धा इंच खाली. क्रायस्लरच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली उंची मडगार्डपासून मोजतच नाहीत. जमिनीपासून दोन मापं घेतात: एक खालच्या बॉल जॉइंटपाशी, दुसरं चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या आतल्या टोकाशी, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी कांब) असतो तिथं. मग वजाबाकी. त्यात टायर आपोआप गळून पडतो. टाकी भरलेली, हवा बरोबर, फरशी सपाट, आणि मोजण्याआधी बंपर दाबून गाडी नीट हलवलेली. डाव्या-उजव्यात १/८ इंचाहून जास्त फरक नको. अलाइनमेंट या सगळ्यानंतर, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकाच्या आणि त्याच्या वळण्याच्या अक्षाच्या कलाचे कोन, दोन्ही हलतात.

पुढचं सोपं आहे, टॉर्शन बारचा बोल्ट फिरवायचा. मागच्याचा मला अजून राग येतो.

गाडी रिस्टोअर होऊन आली तेव्हा शेपूट हवेत. मागच्या स्प्रिंगचे नवे पाटे, नवे बुश, बिल भरभक्कम. गॅरेजवाला म्हणाला, "बसेल हळूहळू, चालवा." अख्खा उन्हाळा चालवली. तसूभर बसली नाही. मग तो म्हणाला, पाटे आणि आसाच्या मध्ये ब्लॉक घालून खाली घेऊ, त्याचे पैसे वेगळे. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. नव्या पाट्यांना ब्लॉक कशाला, हे मात्र डोक्यातून जाईना.

घरी मागची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे वजन चाकांवरच राहिलं, आणि खाली शिरलो. पाट्याच्या पुढच्या टोकाच्या बुशमध्ये लोखंडी नळी असते, भोवती रबर. नट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळावर होते. तो नट लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर पिळलेलंच राहतं आणि मागची बाजू वर ढकलत राहतं. पान्याला आधी दादच नाही. मग कट्ट असा आवाज, रबर करकरलं, आणि दुसऱ्या बाजूचाही सैल केल्यावर बंपर डोळ्यांदेखत खाली आला. इंचाला थोडा कमीच. नट तिथेच, वजनाखाली पुन्हा आवळले. त्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बघा, बसली ना!"

उरलेली उंची पाट्यांच्या कमानीची आहे. ती आहे.

आता दुसरा प्रश्न, नाक खाली का नाही? गाडी घेतली तेव्हा मलाही तेच हवं होतं. त्या काळच्या मला मी ऐकवतो: बोल्ट सैल केला की गाडी खाली येते, पण बार कडक होत नाही, आर्म आणि त्याला अडवणारा रबरी बंप स्टॉप यांच्यातली जागा तेवढी जाते, आणि मिशिगनचे खड्डे ती वसूल करतात. खाली हवी तर जाड बार घाल. तो म्हणतो, मॅन्युअलची उंची रोज ऑफिसला जाणाऱ्यासाठी होती, तू वर्षाला किती चालवतोस? याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि बाजूने पाहिलं तर अर्धा इंच खाली ती बरी दिसते, हे मलाही दिसतं.

वसंतात अलाइनमेंटला न्यायचीच आहे. त्याआधी बोल्टचे दोन फेरे सोडेन, किंवा नाही.