तुळजापूरचं सीमोल्लंघन : आई पलंगावर टेकते तेव्हा

तुळजापूरला सगळे दर्शनाला जातात. मला यंदा देवीची झोप बघायची होती.

खंडेनवमीच्या रात्री लातूरहून एसटी पकडली. आईला चल म्हटलं, तर तिचं ठरलेलं उत्तर, "घट उठेपर्यंत दिवा सोडून मी कुठंच येत नसते." औशाच्या पुढे गाडीच्या उजेडात ताडपत्रीखाली झाकलेले सोयाबीनचे ढीग दिसत होते. सुगी आणि नवरात्र आमच्याकडे असं हातात हात घालूनच येतं. घटाखाली काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर रोज एक माळ आणि टांगलेल्या कडाकण्या. शेतकऱ्याच्या घरातली देवी आणखी कशी असणार!

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागची हलवता येते. भाद्रपद वद्य अष्टमीला तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. ही घोरनिद्रा. आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे ती उठून सिंहासनावर बसते, मग घटस्थापना होते. नऊ दिवस महिषासुराशी झुंजून ती दमते, म्हणून दसऱ्याला पुन्हा झोपते. ही श्रमनिद्रा, थेट कोजागरीपर्यंत. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या हाकेला देवी त्वरित धावली म्हणून ती त्वरिता, आणि त्वरिताचीच पुढे तुळजा झाली, असं सांगतात. मला ही धावणारी देवी आवडतेच, पण दमणारी जास्त जवळची वाटते.

देऊळ खोलात आहे. पायऱ्या उतरत, कल्लोळतीर्थाच्या कुंडावरून गर्दीच्या रेट्याबरोबर खाली पोचलो तेव्हा अजून अंधार होता. संबळ अंगात घुमत होता. पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आलेली, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात घडलेला. किती गावांचे खांदे लागतात एका आईला निजवायला!

मूर्तीला १०८ साड्यांचं दिंड बांधलेलं होतं. लेकराला थंडीत दुपट्यात गुंडाळावं तसं. पालखी हलली आणि "आई राजा उदो उदो"चा असा गजर उठला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. वरून हळद-कुंकू उधळलं जात होतं. माझा पांढरा सदरा बघता बघता लाल झाला.

माझ्या बाजूला एक म्हातारी आराधीण, देवीला वाहून घेतलेली भक्तीण, होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, परडीत मूठभर पीठ, मीठ आणि विझत आलेला पोत, म्हणजे देवीची छोटी मशाल. पोताची वात ती बोटानं पुढं सारत होती. बोटाची टोकं काजळीनं काळी झालेली. मी पुढं घुसायला लागलो तशी तिनं माझं मनगट धरलं.

"नगं रेटू, लेकरा. नऊ दिस उभी हाय ती. आता टेकू दे तिला."

मी तिथंच थांबलो. पालखीची देवळाभोवती प्रदक्षिणा झाली, हेच देवीचं सीमोल्लंघन; मग आरती झाली, देवी पलंगावर गेली. म्हातारीनं परडी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि किती तरी वेळ ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली.

दुपारी घरी पोचलो तेव्हा घट उठला होता. घटातलं पोपटी धान वडिलांच्या टोपीत खोवलेलं. आपट्याची पानं आईच्या हातात द्यायची म्हणून आत गेलो, तर ती देवघरासमोरच उशाला हात घेऊन जमिनीवर झोपली होती. नऊ रात्री तिनं दिवा जपला होता. पानं तिच्या उशाशी ठेवली आणि दार हळूच ओढून घेतलं.