नवस बायकोचा, पाय माझे

नवस मुळात माझा नव्हताच. मुलगी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा माझी फिलिपिनो बायको दुबईतल्या खाटेवर पडल्या पडल्या मनिलाजवळच्या अँटिपोलोच्या मारियेला बोलून बसली: पोर जगू दे, गुड फ्रायडेच्या आदल्या, पवित्र गुरुवारच्या रात्री मनिलातल्या कियापो चर्चपासून तुझ्या दारापर्यंत चालत येईन. पोर जगली, दांडगी झाली, शाळेत मारामाऱ्या करायला लागली. नवस तेवढा राहिला. नर्सला ईस्टरच्या आठवड्यात रजा कोण देतो? यंदा मिळाली होती, तिकिटंही काढली होती, आणि निघायच्या तोंडावर वॉर्डात माणसं कमी म्हणून रद्द झाली. पोरीला घेऊन मी एकटाच मनिलात उतरलो.

सासूबाईंना सगळे 'नानाय' म्हणतात, म्हणून मीही. तिकडे पाया पडत नाहीत, वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात. मी हात सोडायच्या आतच नानाय म्हणाल्या, "गुरुवारी तू चाल. नवस घरातला आहे, फेडणारा घरातला असला की झालं." मी बायकोला फोन लावला. ती माझी बाजू घेईल अशी आशा होती. म्हणाली, "चाल ना. पोटही थोडं उतरेल."

मधले दिवस एकमेकांत कालवले गेले. झावळ्यांच्या रविवारची विणलेली झावळी दारावर लागली, आणि त्यानंतर सोमवार कुठला नि बुधवार कुठला ते सांगता येणार नाही, कारण गल्लीत मांडव घालून पाबासा बसला होता. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची पोथी, पद्यातली, आळीपाळीने गायची, रात्रंदिवस, आणि माइकवरून. पहाटे तीनच्या पाळीला दोन आजीबाई होत्या, त्यांतल्या एकीचा सूर थेट माझ्या उशीवर येऊन फाटायचा. आमच्या वसईतही उपवासकाळात रडकी गाणी म्हणतात, पण रात्री झोपू देतात. शेवटी एका पहाटे उठून मांडवात जाऊन बसलो. कुणीतरी कॉफी आणि बिस्किटं हातात दिली. शब्द कळत नव्हते, पण 'पेद्रो', म्हणजे ख्रिस्ताला नाकारणारा पेत्र, आला आणि मागोमाग कोंबडा आला, तेव्हा पोथी कुठवर पोचली ते समजलं. पुढचा तास उठवलं नाही.

गुरुवारी दिवसा सात चर्चेस. व्हॅनमध्ये आम्ही इतके कोंबलेले की दार लावायला बाहेरचा माणूस लागायचा. बिनोंदो, सान सेबास्तियान, कॅथेड्रल, सान आगुस्तिन: आत शिरा, गुडघे टेका, फोटो काढा, पुढचं. सान सेबास्तियान अख्खं पोलादाचं आहे, १८९१ सालचं, आणि सान आगुस्तिन १६०७ सालचं, हे मी वाचून गेलो होतो. ऐकायला कोणाला वेळ नव्हता. मला बघायचं होतं ते भलतंच. आमचा गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, याच गावात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. इथूनच तो जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मेला. फ्रान्सिस्कनांचं चर्च जुन्या मनिलाच्या, इंत्रामुरोसच्या, तटबंदीच्या आत होतं, ते दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालं. त्या जागी आता मापुआ युनिव्हर्सिटी आहे. मी व्हॅन थांबवायला लावली. गेट बंद, आत वॉचमन, त्याला गोन्सालोही माहीत नाही आणि वसईही नाही. मी गेटसमोर उभा राहून क्रुसाची खूण केली. नानाय व्हॅनमधून ओरडल्या, "हे सातात धरणार नाही हं!"

संध्याकाळची मिस्सा आटोपून कियापोहून निघालो. नानाय, कॉलेजात जाणारी भाची आणि मी. तिथल्या काळ्या नाझरेथकराला, म्हणजे ख्रिस्ताच्या काळ्या मूर्तीला, लांबूनच हात जोडले. बाहेर मेणबत्त्या रंगांवर विकतात, आजाराची वेगळी, पैशाची वेगळी, परीक्षेची वेगळी. भाचीने परीक्षेची घेतली.

देहू-आळंदीच्या वारीबद्दल मित्रांकडून ऐकलं होतं. इथे ना दिंडी, ना विणेकरी, ना ठरलेला मुक्काम. नुसता माणसांचा लोंढा, सगळा पूर्वेकडे. २५ किलोमीटरच्या आसपास रस्ता, तोही महामार्गाचा. अनवाणी म्हातारे, खांद्यावर लाकडी क्रूस घेतलेला तरुण, आणि त्याच्याच मागे स्पीकरवर ढणढण गाणी लावून चाललेली पोरांची टोळकी. ती पोरं क्रूसवाल्याबरोबर सेल्फी काढत होती. मला संताप आला. थोड्या वेळाने पाहिलं, तर त्यांच्यातला एकजण क्रुसाचं मागचं टोक उचलून चालत होता. कानात स्पीकरचं गाणं चालूच.

एडसा महामार्गाच्या चौकातला मारियेचा पुतळा १९८६च्या क्रांतीचा, त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि ओर्तिगासच्या रस्त्याला लागलो. बाराला दहा कमी असताना भाचीने भाजलेल्या आतड्यांच्या काड्या घेतल्या आणि घड्याळाकडे बघत बकाबका संपवल्या. शुक्रवार लागायच्या आत, मग मांस वर्ज्य.

तोंड पुसता पुसता तिने मला रिझालची, त्यांच्या राष्ट्रनायकाची, गोष्ट सांगितली. तिकडे कॉलेजात रिझाल हा सक्तीचा विषय आहे, १९५६च्या कायद्याने. होझे रिझालच्या वेळी आई बाळंतपणात मरता मरता वाचली, कारण पोराचं डोकं मोठं. तिने अँटिपोलोला नवस बोलला. फेडायची वेळ आली १८६८ मध्ये, तेव्हा आई पुन्हा बाळंत झालेली. मग बाप पोराला घेऊन गेला. "म्हणजे पद्धत जुनीच आहे, अंकल," भाची म्हणाली. मी विचारलं, बाप चालत गेला का? नाही म्हणे, सरोवरातून होडीने.

काइंता यायच्या आधीच डाव्या टाचेचा फोड फुटला. दुबईहून खास चालायचे बूट आणले होते. सासूबाईंच्या पायात रबरी सपाता, वय सत्तर, आणि त्या पन्नास पावलं पुढे. मला थांबलेला बघून मागे आल्या आणि म्हणाल्या, "इथे तुझे नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे बस." हा त्यांचा ठेवणीतला विनोद. १७६२ साली इंग्रजांनी मनिला घेतलं तेव्हा मद्रासचे शिपाई बरोबर आणले होते. इंग्रज दोन वर्षांनी परतले, त्यातले काही शिपाई मात्र काइंताच्या बाजूला राहिले, लग्नं केली, मिसळून गेले.

नातेवाईक भेटले नाहीत. किराणा टपरीच्या पायरीवर बसलो. जाळीच्या आड बसलेल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग आत गेली. मला वाटलं, बसू नका म्हणणार. ती प्लास्टिकचा टब घेऊन बाहेर आली. पाण्यात पेरूचा पाला उकळलेला, कोमट, हिरवट तपकिरी. दरवर्षी या रात्री ती पातेलंभर उकळून ठेवते म्हणे. मी मोजा काढायला लागलो, तो कातडीला चिकटलेला. तिने माझा हात बाजूला केला, टमरेलाने वरून पाणी सोडत राहिली आणि मोजा बोटाबोटाने सोडवला. तोंडाने सारखी काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असावी म्हणून मी गप्प. भाची हसायला लागली. "त्या म्हणतायत, एवढे महाग बूट घालून कोणी चालतं का?"

मग टपरीवालीने विचारलं, बुंबाय का? तिकडे भारतीयाला बुंबाय म्हणतात. मी हो म्हटलं, आणि मी तर खरोखरच मुंबईच्या शेजारचा. ती खूष झाली. तिचा एक बुंबाय सावकार रोज मोटारसायकलवरून हप्ता न्यायला येतो, पाच दिले की सहा घेतो. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, एका दमात सांगून टाकलं, टाच पुसता पुसता. नानाय लगेच म्हणाल्या, "नवसाचंही तसंच. थकवला की व्याज चढतं." दोघी माझ्याकडे बघून हसल्या. जुना टी-शर्ट फाडून तिने पट्टी बांधली, आतून वापरलेल्या सपाता आणल्या, मापाने मोठ्या, आणि माझे बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी पैसे काढले. तिने हात झटकला. पट्टीचे नाहीत, सपातांचे नाहीत. मग मी पाण्याची बाटली मागितली, तिचे मात्र वीस पेसो घेतले. बाहेर सगळीकडे पंधराला होती.

तिक्लिंगपासून चढ. तिथे माझं डोकं फिरलं. ट्रायसिकलवाले शेजारून विचारत जात होते आणि माझ्या मते देवाने पाठवलेली वाहनं नाकारणं हेच पाप होतं. नानायना तसं म्हटलं. त्यांनी उत्तर न देता माळ काढली. आबा गिनोओंग मारिया, त्या म्हणायच्या. उरलेली अर्धी भाची म्हणायची. माळेच्या दुसऱ्या दहा मण्यांपासून मी मराठीत म्हणू लागलो. पवित्र मारिये, देवाच्या माते. पोर अकराशे ग्रॅमची होती. पेटीच्या भोकातून बोट आत घातलं की ती धरायची, आणि धरलं की मॉनिटरवरचा आकडा थोडा वर जायचा. डॉक्टर म्हणाले, योगायोग. मी तेव्हा काही बोललो नव्हतो, कुणालाच, मारियेलासुद्धा नाही. बायकोने बोलून टाकलं होतं. माळ संपली तेव्हा चढ बराच मागे पडला होता आणि कोणीतरी रस्त्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा खच टाकलेला, त्यावरून घसरता घसरता वाचलो.

देवळात शिरताच आलं नाही. दारापर्यंत गर्दी. ही मारिया १६२६ साली अकापुल्कोहून गलबतातून आली आणि पुढे पुन्हा पुन्हा त्याच समुद्रावर गेली, म्हणून ती प्रवासाची. लोक नवी गाडी घेतली की इथे आणतात, परदेशी कामाला निघाले की इथे येतात. नानायच्या घरातला प्रत्येक पासपोर्ट आधी इथे येऊन गेलाय. थोरल्या मेव्हण्याचा जहाजावरचा, धाकटीचा हाँगकाँगचा, माझ्या बायकोचा. विमानतळावर रडून झालं की इथे चालत यायला घरात उरतं कोण, तर नानाय. त्या टाचा उंच करून आत बघत होत्या, ओठ हलत होते, नावं घेत होत्या. यादी लांब होती. शेवटी त्यांनी माझंही नाव घेतलं, उच्चार चुकीचा.

सुमान, म्हणजे चिकट तांदळाचा गोड पदार्थ, आणि काजू घेतले, जीपनीत उभ्यानेच परतलो. घरी आल्या आल्या बायकोचा व्हिडिओ कॉल. कॅमेरा पायाकडे कर म्हणाली. पेरूच्या पाल्याचं ऐकून नर्स जागी झाली: जंतुनाशक लाव, पट्टी बदल, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस? मग जरा थांबून विचारलं, "पोरीचं पूर्ण नाव घेतलंस ना?" म्हटलं, घेतलं, वसईचं आणि मनिलाचं, दोन्ही आडनावांसकट. फोन नानायनी ओढून घेतला आणि मला बाथरूमकडे पिटाळलं. गुड फ्रायडेला दुपारी तीननंतर आंघोळ चालत नाही, आणि रांगेत माझ्या पुढे चौघं होते. भाची आत शिरली ती बाहेर यायला तयार नव्हती. मी दार वाजवून ओरडलो, "अडीच वाजले गं!"