दोन हजार आले की, मॅडम

आमच्या अभ्यासवर्गाचा गुणगौरव दरवर्षी आषाढीनंतरच्या रविवारी असतो. आधी ठेवून चालत नाही, कारण पाहुणे म्हणून ज्यांना बोलवायचं ते सगळे अधिकारी पंढरपूरच्या ड्युटीवर असतात. यंदाचा कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाले. हार सुकले, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून झाले. त्यातली चार मिनिटं मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मी सोलापूरच्या पूर्व भागात गणित शिकवते. शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी सकाळी आम्ही पाच शिक्षक मिळून हा वर्ग चालवतो. अकरा वर्षं झाली. वेगवेगळ्या शाळांतली मुलं येतात. बहुतेक विडी कामगारांची आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर इंग्रजी. पाचवीची मुलं नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसतात, आठवीची एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला.

नवोदयचं थोडक्यात सांगते. जिल्ह्याचं विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण ग्रामीण कोण हे घराच्या पत्त्यावर ठरत नाही, तिसरी ते पाचवी कुठल्या शाळेत झाली त्यावर ठरतं. आमची कितीतरी मुलं कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात आणि आईबापांच्या हौसेने शहरातल्या शाळेत येतात. राहायला खेड्यात, आणि जागेला शहरी. हे प्रवेशाच्या वेळी पालकांना कोणी सांगत नाही. तरी यंदा आमच्या एका मुलाचं पोखरापूरला झालं. त्याची पेटी भरायला अख्खी गल्ली लोटली होती.

आणि एनएमएमएस. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, चार वर्षांत ४८,०००. दोन पेपर: बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न ९० मिनिटांत, आणि शालेय क्षमतेचे ९०, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. खुल्या गटात ४० टक्के पडले की मूल पात्र ठरतं. पात्र म्हणजे निवड नव्हे. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२, त्यात प्रवर्ग, त्यात जिल्हा. दरवर्षी दोन-तीन घरांत 'पात्र' एवढं वाचून पेढे वाटले जातात आणि निवड यादी लागल्यावर मला त्या घरी जाऊन बसावं लागतं.

बौद्धिक क्षमता मी शिकवते आणि ती मी चांगली शिकवते, हे मी मनापासून म्हणते. बाजारातली जाड गाईडं मुलांना उत्तराची युक्ती देतात, नजर देत नाहीत. पाण्यातलं प्रतिबिंब शिकवताना मी स्टीलच्या ताटात पाणी घेते आणि त्याच्या कडेला अक्षराचं कार्ड उभं धरते. मुलं ताटाभोवती उकिडवी बसून बघतात. एकदा बघितलं की आरशातली प्रतिमा आणि पाण्यातली प्रतिमा यांत पुन्हा घोळ होत नाही. आकृत्यांच्या चौकटी घेताना चादरीच्या नक्षीचा चौकटींचा कागद आणते, जॅकार्डसाठी काढतात तो. ज्यांचे वडील मागावर आहेत त्यांना त्यात रिकामा चौकोन कुठला ते सांगायला माझी गरज लागत नाही. आणि पंचवीसचा पाढा तर शिकवावाच लागत नाही. विड्यांचा कट्टा पंचवीसचा. चाळीस कट्टे झाले की हजार, आणि हजाराला मजुरी. पंचवीस चोक शंभर ही पोरं पाळण्यातून ऐकत आलेली असतात.

गेल्या वर्षी या वर्गातून नऊ जणांची निवड झाली होती, यंदा चौदा. चौदा! निकाल लागला त्या दिवशी आम्ही पाची जण वर्गातच खाली बसलो होतो, कोणाला काही बोलायला सुचेना.

वर्गाच्या भिंतीवर एक फलक आहे. ऑइलपेंटने रंगवलेला, दरवर्षीची नावं त्यावर चढतात. गेल्या वर्षीच्या नऊ नावांत चौथं नाव ज्या मुलीचं, तिची ही गोष्ट. आता ती दहावीत आहे. अक्षर असं की छापल्यासारखं. शुक्रवारपासून वर्गात बसून चौदा प्रमाणपत्रं तिने लिहिली. नाव, शाळा, आणि खाली 'रु. ४८,००० च्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाल्याबद्दल'. हे वाक्य तिने चौदा वेळा लिहिलं.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, तो कधीच होत नाही. पाहुणे परितेवाडीच्या डिसले गुरुजींवर बोलले. २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवणारे गुरुजी आपल्या जिल्ह्याचे, त्यांचा अभिमान मलाही आहे. पण समोर चौदा मुलं नवे कपडे घालून खुर्च्यांच्या कडेवर बसली होती आणि पाहुण्यांनी त्यांच्यातल्या एकाचंही नाव घेतलं नाही, याचा मला राग आला. मग नावं पुकारली. एकेक मूल वर येत होतं, मागून आईला बोलावत होतो. एका आईने पायऱ्या चढण्याआधी चपला काढल्या. देवळात काढतात तशा, कडेला जोडून ठेवल्या. ती उतरल्यावर पुढच्या सगळ्या आयांनी तेच केलं.

नंतर आमच्या सरांनी सूत्रसंचालन करता करता जाहीर केलं की आता गेल्या वर्षीची विद्यार्थिनी मनोगत व्यक्त करेल. ठरलेलं नव्हतं. पाहुण्यांना निघायला दहा मिनिटं होती, ती भरायची म्हणून तिला उभं केलं.

ती माइकपाशी आली. आधी दोन वाक्यं तयारीतली होती, आभाराची. मग थांबली आणि म्हणाली, "मागच्या वर्षी माझा पण इथंच सत्कार झाला. माझे बारा हजार आले नाहीत. नेट कॅफेत आमच्या आईने दरवर्षीसारखा विडीचा फॉर्म भरला, मग हा फॉर्म घेतच नाही. एका वर्षी एकच चालतो. तुम्ही विडीचा फॉर्म भरायच्या आधी मॅडमना विचारा." नमस्कार केला आणि खाली उतरली.

टाळ्या वाजल्या नाहीत. सर पटकन माइकवर आले, काहीतरी म्हणाले, राष्ट्रगीत झालं.

आता हे सगळं कसं चालतं ते सांगते, कारण बाहेर कोणाला हे माहीत नसतं. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडून वेगळं शिक्षणसाहाय्य मिळतं. पाचवी ते आठवी वर्षाला १,५००, नववी-दहावीला २,०००. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र जोडायचं की अर्ज होतो. पूर्व भागातलं जवळजवळ प्रत्येक घर तो अर्ज भरतं. आणि एनएमएमएसची निवड झालेल्या मुलाने नववीत गेल्यावर पैशांसाठी जो अर्ज भरायचा, तोही त्याच राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. परीक्षा पास होऊन पैसे आपोआप येत नाहीत. पोर्टलवर एका मुलाची एकदाच नोंदणी आणि एका वर्षी एकच शिष्यवृत्ती. शाळेने पडताळणी करण्याआधी भरलेला अर्ज मागे घेता येतो. शाळेचा आणि नंतर जिल्ह्याचा शिक्का बसला की संपलं. आणि नववीचा पहिला अर्जच झाला नाही तर दहावीला नूतनीकरण कशाचं करणार? चारही वर्षं जातात.

तिच्या शाळेत एकाच टेबलावर दोन याद्या होत्या. विडीवाल्यांची आणि एनएमएमएसवाल्यांची. एकच नाव दोन्हीकडे असेल तर मुलाला बोलावून विचारायचं, एवढं काम होतं. ते कोणाचंच काम म्हणून लिहिलेलं नव्हतं, म्हणून कोणी केलं नाही. नेट कॅफेतल्या पोराला मी दोष देत नाही, तो अर्जामागे पैसे घेतो आणि अर्ज भरतो. ज्यांना पगार मिळतो त्यांना देते. त्यांत मी आहे. मला हा नियम माहीत होता. वर्गात एकदा सांगितलाही होता, डिसेंबरच्या परीक्षेच्या आठ दिवस आधी, आकृत्या आणि संख्यामालिका यांच्या मधे. तेव्हा कोणाच्या डोक्यात तो राहणार होता?

कार्यक्रमानंतर वडापाव वाटताना सर म्हणाले, "चांगल्या दिवसाला गालबोट लागलं. आधी आपल्याला सांगायला नको होतं का तिने?" सर वाईट नाहीत. अकरा वर्षं एक रुपया न घेता विज्ञान शिकवतात. पण हे वाक्य मला सहन झालं नाही आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, की त्या मंचावर आज कामाचं एवढंच बोललं गेलं. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दारातच तिची आई मांडीवर सूप घेऊन बसली होती. भिजवलेली टेंभुर्णीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पत्र्याचा मापाचा तुकडा, कात्री. मला बघून उठायला लागली, मी तिच्याजवळच जमिनीवर बसले. पोरीने सभेत बोलायला नको होतं म्हणून तीच माझी माफी मागायला लागली. मी माझी मोडकी तेलुगू काढली, तिने तिची मराठी. मी विचारलं, अक्का, बारा हजारांचं तुम्हाला कळलं कधी?

"दोन हजार आले की, मॅडम," ती म्हणाली. "बँकेतनं मेसेज आला. आम्हाला वाटलं, तेच ते. तुम्ही बोललेलं बक्षीस."

त्या पैशातून त्यांनी पेढे आणले होते. गल्लीत वाटले होते. मुलीला मात्र तेव्हाच कळलं होतं, कारण ४८,००० ला चाराने भागता येत होतं. ती शाळेच्या ऑफिसात गेली, तिथे मुदत संपली म्हणून सांगितलं. ते डिसेंबरात. त्यानंतर सात महिने ती वर्गात येत होती. आठवीच्या मुलांची उत्तरपत्रिका तपासायला मला मदत करत होती, यंदाच्या चौदांपैकी निम्म्यांना संख्यामालिका तिने समजावल्यात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

बराच वेळ ती बोलली नाही. हातातल्या पानांच्या कडा कापत राहिली. मग म्हणाली, "फलकावर नाव आहे ना माझं. पैसे आले नाहीत म्हटल्यावर तुम्ही पुसाल असं वाटलं."

मी तिला सांगितलं की नाव परीक्षेचं आहे, ते तिने मिळवलंय, कोणी पुसू शकत नाही. तिने मान हलवली. पण मला दिसत होतं, की हे वाक्य ऐकायला तिला सात महिने लागले, आणि तेही मी आपण होऊन सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री गेल्या वर्षीच्या बाकीच्या आठ जणांना मी एकेक करून फोन केले. सहा जणांचे पैसे आले होते. एकाचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, अर्ज मंजूर होऊन पैसे मधेच अडकलेत, त्याच्या मागे आता लागले आहे. आठव्याचा अर्ज नावावरून परत आला होता. शाळेच्या दाखल्यावर व्यंकटेश, आधारवर वेंकटेशम, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. आमच्या भागात हे घराघरांत आहे. तेलुगू नाव मराठी कानाने ऐकून इंग्रजीत टाइप केलं की एका माणसाची तीन माणसं होतात. तो दुरुस्तीसाठी दोन चकरा मारून थकला आणि गप्प बसला. नऊपैकी तीन. आमच्या फलकावर नऊ नावं आहेत, आणि मी अकरा वर्षांत एकदाही कोणाला पुढच्या मार्चमध्ये फोन करून विचारलं नव्हतं, आले का रे पैसे म्हणून. आधीच्या वर्षांच्या मुलांचे नंबर शोधते आहे. काही लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चौदाही मुलांना कागद घेऊन बोलावलं. आधार, शाळेचा दाखला, पासबुक, उत्पन्नाचा दाखला. तिलाही बोलावलं, तिने नवी वही आखून आणली होती. पहिला रकाना नावाचा, दुसरा आधारवरच्या स्पेलिंगचा, तिसरा शाळेतल्या स्पेलिंगचा, मग खातं, मग अर्ज, मग शाळेची पडताळणी, मग जिल्ह्याची. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद होता. त्यावर तिने लिहिलं होतं 'पैसे आल्याची तारीख'.

मी मुलांना विचारलं, विडीचा फॉर्म यंदा कोणी भरलाय?

तीन हात वर आले. माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलायच्या आत तिने वहीतून मान वर केली आणि त्या तिघांना विचारलं, "शाळेनं तपासलाय का अजून नाही?"