गावठाणाची उंची

रविवार, रात्र

आमचे गाव पनवेलच्या पूर्वेला, नेऱ्याच्या बाजूला, माथेरानच्या डोंगरातून उतरणाऱ्या गाढी नदीच्या खोऱ्यात आहे. येथे अजून भाताची खाचरे आहेत, वरकस माळावर गुरे चरतात, आणि त्या माळाच्या पलीकडे सुकापूर-देवदच्या इमारती दिसतात. २०१३ मध्ये हा टापू 'नैना'त, म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्रात आला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाकडे नियोजनाचे अधिकार गेले, आणि २०१७ मध्ये पहिल्या २३ गावांच्या अंतरिम विकास आराखड्याला शासनाने मंजुरी दिली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली, आणि तेव्हापासून गावात चार माणसे जमली की बोलणे जमिनीवरच येते.

आमच्या जमिनींना लागू होणाऱ्या नगररचना योजनेचे तत्त्व मला पटते. नवी मुंबई वसवताना ९५ गावांच्या जमिनी सरसकट संपादित झाल्या, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, त्यामागे १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात हुतात्मा झालेल्या पाच जणांचे रक्त आहे. येथे सर्वांची जमीन एकत्र धरून प्रत्येकाला ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड वाढीव चटईक्षेत्रासह, म्हणजे जास्त बांधकामाच्या मुभेसह, परत मिळतो आणि उरलेल्या जागेत रस्ते, उद्याने, शाळा, मैदाने होतात. हे प्रमाण अनेक शेतकऱ्यांना मान्य नाही, आणि ज्याच्याकडे मुळातच चार-पाच गुंठे आहेत त्याला ते जड जाते, हेही खरे आहे. तरीसुद्धा रस्त्यासाठी एकाचेच शेत जावे आणि शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव वाढावा, यापेक्षा सर्वांनी सारखा भार उचलणे मला अधिक न्याय्य वाटते.

माझे समाधान होत नाही ते गावठाणाच्या बाबतीत. आज दुपारी चुलत्यांबरोबर ओटीवर नकाशा पसरून पाहिला, तेव्हा भूखंडांचे क्रमांक, रस्त्यांच्या रुंद्या, मैदानांचे हिरवे तुकडे सगळे सापडले. गावठाण मात्र योजनेच्या हद्दीबाहेर, कोरे ठेवलेले आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे, राहत्या घरांना हात लागू नये असा. पण ज्या वस्तीला हात लावायचा नाही, तिच्याकडे पाहायचेही नाही, असा त्याचा अर्थ होता कामा नये.

आमच्या जुन्या माणसांनी घरे खलाटीपेक्षा, म्हणजे सखल भातजमिनीपेक्षा, उंच जागा पाहून बांधली. पावसाळ्यात डोंगराचे पाणी एकदम नदीवर कोसळत नाही. ते वरच्या खाचरात थांबते, बांधाला ठेवलेल्या वाटेने खालच्या खाचरात उतरते, तेथे पुन्हा थांबते, आणि उरलेले पाणी ओहोळाने गाढीला मिळते. हे शेकडो बांध म्हणजे पाणी धरून ठेवणारी एक मोठी व्यवस्था आहे, जरी सातबाऱ्यावर त्यांची नोंद केवळ पिकाखालचे क्षेत्र एवढीच असते. उद्या खाचरांवर भराव पडेल. तो आवश्यकच आहे, कारण खलाटीत भरावावाचून इमारती उभ्या राहणार नाहीत. मात्र भोवतालची जमीन पुरुषभर उंच झाली की आजचा उंचवटा उद्याचा खड्डा ठरेल, आणि पहिले पाणी आमच्या ओट्यांना लागेल.

ही केवळ मनातली भीती नाही. विमानतळासाठी भराव झाल्यावर डुंगी गावात पावसाचे पाणी घरांत शिरले होते. नवी मुंबईच्या सखल भागांत भरतीच्या वेळी साचणारे पावसाचे पाणी सामावण्यासाठी सिडकोने धारण तलाव आखले, म्हणजे पाण्याला जागा ठेवावी लागते हे ज्ञान याच यंत्रणेकडे पन्नास वर्षांपासून आहे. ते शहराच्या विभागांसाठी वापरले गेले, तसेच गावासाठीही वापरले जावे.

योजनेत जमिनीची लांबी-रुंदी फार काटेकोरपणे मोजलेली आहे आणि प्रत्येक जण आपापल्या भूखंडाचे क्षेत्रफळ तपासतो आहे. उंचीबद्दल कोणी विचारत नाही. चुलत्यांचे म्हणणे असे की योजनेतील भूखंड ठरवणाऱ्या लवादापुढच्या सुनावणीत ज्याने त्याने आपल्या जमिनीचे बोलावे, गावठाणाचे कोण ऐकणार? मला ते मान्य नाही. आमची जमीन योजनेत आहे, तसे आमचे घरही त्या योजनेच्या पाण्याच्या वाटेवर आहे.

म्हणून रात्री अर्जाचा मसुदा लिहिला. त्यात तीनच मागण्या ठेवल्या आहेत: गावठाणाची आणि लगतच्या प्रस्तावित रस्त्यांची समुद्रसपाटीपासूनची पातळी मोजून ती नकाशावर दाखवावी, दोन्ही ओहोळ बंदिस्त गटारात न घालता त्यांच्या पावसाळी रुंदीसह मोकळे ठेवावेत, आणि गावठाणाचे पाणी बाहेर काढणारा नाला आधी बांधून मगच भरावाला परवानगी द्यावी. उद्या सकाळी तो ग्रामपंचायतीत वाचून दाखवायचा आहे आणि शक्य तितक्या घरांच्या सह्या घ्यायच्या आहेत, ज्यांची शेतजमीन नाही, फक्त घर आहे, त्यांच्या सर्वांत आधी.